गोंड्याची टोपी आणि निळं जाकीट

मराठी मुलाला गोष्टीत भेटणारा पहिला कपडेवाला प्राणी म्हणजे उंदीर. त्याला वाटेत एक चिंधी सापडते. ती घेऊन तो परटाकडे जातो, रंगाऱ्याकडे जातो, शिंप्याकडे जातो. प्रत्येक जण आधी त्याला हाकलतो आणि उंदीर प्रत्येकाला कचेरीची, शिपायांची धमकी देतो. शेवटी डोक्यावर गोंड्याची टोपी चढते, गळ्यात ढोलकं येतं आणि स्वारी थेट राजवाड्यासमोर. पुढं राजाची जी फजिती होते ती सगळ्यांना पाठ आहे.

या गोष्टीची सचित्र पुस्तकं चाळताना एक गंमत हटकून दिसते. पहिल्याच पानावर उंदीरमामा विजार, सदरा आणि जाकीट घालून हजर असतात. ज्याच्या अंगावर आधीच शिंप्यानं बेतून दिलेलं जाकीट आहे, त्याला चिंधीचं काय कौतुक? गोष्टीचा सगळा जोर उंदीर उघडा असण्यात आहे. उघडा आहे म्हणून टोपीची हौस, आणि टोपी आहे म्हणून राजासमोर उभं राहायची हिंमत. चित्रकारानं आधीच कपडे वाटून टाकले की गोष्ट पहिल्या पानावरच मेली. त्या चित्रकाराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्राणी माणसासारखा वागतो म्हणजे त्याला पँट घालायची, हे त्यानं कुठून तरी शिकलेलं असतं. कुठून शिकला आणि त्या शिकवणीत आपलं काय मागं पडलं, हे इथं पाहायचं आहे. अमरावती-अकोल्याकडून हा प्रश्न विचारायला तसं सबळ कारणही आहे. कपड्याची कुठलीही गोष्ट थोडी मागं नेली की कापसापाशी येते, आणि कापूस आमच्या दारात पिकतो.

प्राण्यांना माणसाची कामं देऊन हसण्याची खोड फार जुनी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीचा एक इजिप्शियन पपायरस आहे. त्यावर सिंह आणि हरिण समोरासमोर बसून पट खेळतात, कोल्हे शेळ्या राखतात आणि मांजर बदकं हाकतं. जपानमध्ये क्योटोच्या कोझान-जी मठाकडे बाराव्या-तेराव्या शतकातली चित्रांची गुंडाळी आहे. तिच्यात ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात आणि भिक्षूची वस्त्रं ल्यालेलं माकड बुद्ध होऊन बसलेल्या बेडकापुढं मंत्र म्हणतं. दोन्हीकडे कपडे मोजकेच. वस्त्र येतं ते जिथं टोचायचं आहे तिथं, म्हणजे भिक्षूच्या अंगावर.

सगळ्या प्राण्यांना झाडून कपडे शिवले ते एकोणिसाव्या शतकातल्या युरोपनं. फ्रान्समध्ये ग्रँडव्हिल या चित्रकारानं १८२८-२९ मध्ये माणसांच्या धडावर प्राण्यांची डोकी बसवून पॅरिसच्या समाजाची यथेच्छ टिंगल केली आणि १८४०-४२ मध्ये प्राण्यांच्या खासगी आणि सार्वजनिक जीवनाचा मोठा ग्रंथच सजवला. इंग्लंडमध्ये जॉन टेनियलनं १८५७ च्या उठावाच्या वेळी ‘पंच’ साप्ताहिकात बंगालच्या वाघावर झेप घेणारा ब्रिटिश सिंह काढला. त्याच हातानं आठ वर्षांनी, १८६५ साली, ॲलिसच्या पुस्तकातल्या सशाला कोट चढवला आणि हातात घड्याळ दिलं. हिंदुस्थानासाठी काढताना नखं दिसतात आणि घरच्या मुलांसाठी काढताना घड्याळ, एवढं इथं नोंदवून पुढं जातो.

मग १९०२ साली बिअट्रिक्स पॉटरचा पीटर रॅबिट आला. निळं जाकीट घातलेला हा ससा आज जगातल्या बहुतेक कपडेवाल्या प्राण्यांचा मूळपुरुष आहे. मराठी पुस्तकातल्या जाकीटवाल्या उंदराचंही गोत्र तिकडंच निघतं. या बाईंचे आजोबा एडमंड पॉटर इंग्लंडात ग्लॉसॉपजवळ सुती कापड छापण्याचा मोठा कारखाना चालवत. आईकडच्यांचा पैसाही कापसाचाच. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसावर दिवस काढावे लागले. तेव्हा बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘उमरा’ म्हणत. उमरावती, म्हणजे आपली अमरावती, यावरून पडलेलं नाव ते. पीटरचं जाकीट वऱ्हाडी कापसाचं होतं असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण ते जाकीट रंगवणाऱ्या हाताला फुरसत मिळाली ती कापसाच्या पैशावर, हे खरं. कापूस इकडून गेला आणि शंभर वर्षांनी सशाचं जाकीट होऊन आमच्या शाळेच्या पुस्तकात परत आला, असं कुणी म्हटलं तर मी हसेन, पण खोडून काढणार नाही.

पॉटरबाईंचं काम मात्र अस्सल आहे. त्यांनी ससे पाळले होते, बुरशीचा अभ्यास केला होता, आणि जाकिटाखालचा ससा हाडामांसाचा कसा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेतात शिरलेल्या पीटरचे बूट सुटतात, तो चार पायांवर पळायला लागतो आणि मग जाळीत अडकलेलं जाकीटही मागंच राहतं. कपडे गेले की माणूसपण गेलं आणि जीव वाचला. त्याचे ते कपडे शेताचा मालक बुजगावण्याला घालतो. १९०३ च्या ‘टेलर ऑफ ग्लॉस्टर’मध्ये तर उंदीरच आहेत. आजारी शिंप्याचं काम ते रात्रीतून शिवून देतात. आमच्याकडे शिंपी उंदरासाठी शिवतो, तिकडे उंदीर शिंप्यासाठी. तिकडचे उंदीर गुणी, सेवाभावी. आमचा उंदीर कचेरीची भाषा बोलणारा, दमदाटी करणारा आणि वर राजालाच भिकारी ठरवणारा. दोघांना एकच जाकीट कसं बसेल?

हिंदुस्थानी परंपरेकडे वळलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. इथं प्राणी बोलतात ढीगभर, कपडे मात्र घालत नाहीत. पंचतंत्रातला पिंगलक सिंह राज्य करतो, करटक आणि दमनक हे कोल्हे मंत्र्यांसारखी कारस्थानं करतात, संजीवक बैल त्यात बळी जातो. राजनीतीचं आख्खं पुस्तक जनावरांच्या तोंडी. ते सहाव्या शतकात पहलवीत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं अरबीत नेलं, तिथून फारसीत आलं. अकबरानं अबुल फजलकडून त्याची सोपी फारसी आवृत्तीही करून घेतली. अरबी-फारसी चित्रकारांनी या गोष्टींची शेकडो पानं रंगवली, पण सिंह सिंहच राहिला आणि बैल बैलच. दरबार भरलाय, सल्लामसलत चाललीय, आणि अंगावर सूतसुद्धा नाही. शब्द एवढे चोख असताना पगडीची गरज कुणाला वाटली नसावी.

आमच्या भागातलं जुनं चित्रही हेच सांगतं. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होतं. तिथल्या वाकाटक शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची सोळावी आणि सतरावी लेणी झाली. सोळावं लेणं त्याच्या वराहदेव या मंत्र्यानं दान दिलं. सतराव्यात स्वतःच्या देहाचा पूल करून कळपाला पार नेणारा वानरराजा आहे, राजाच्या दरबारात नेलेला हंस आहे. दोघांचं वागणं थोर माणसाचं, पण वानराला वानराचंच अंग आणि हंसाला पिसंच. माणूस तेवढा मुकुट-मोत्यांनी मढलेला. कारंजा लाडच्या जैन ग्रंथमालेत १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादित केलेलं पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ छापलं गेलं. त्यात पिठाचा कोंबडा बळी दिल्याच्या पापानं राजा मोर होतो आणि राजमाता कुत्री. तिथं माणूस जनावराच्या कातडीत जातो. आपल्याकडे प्रवासाची दिशाच उलटी होती.

महानुभावांच्या रिद्धपूरची, म्हणजे अमरावती जिल्ह्याचीच, एक आठवण इथं घालायला हवी. ‘लीळाचरित्रा’त शिकाऱ्यांपुढून पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली आसऱ्याला येतो. स्वामी शिकाऱ्यांना परतवतात आणि मग सशाला एखाद्या मोठ्या माणसासारखं आदरानं संबोधून निरोप देतात. सशाला माणसात घेण्यासाठी तिथं जाकीट लागलं नाही. पुढं चिऊताई, वाघोबा, कोल्होबा, हत्तीदादा अशी नाती जोडून मराठी घरांनीही तेच केलं.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो इतका मोठा की अपवाद म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. वानर. हनुमान, सुग्रीव, अंगद, आणि जोडीला जांबुवंत अस्वल. पिंगुळीच्या चित्रकथींपासून १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याच्या चित्रांपर्यंत हे सगळे धोतर, शेला, कुंडलं, मुकुट घालून आहेत. कारण ते राज्य असलेले, सैन्य असलेले आहेत. मानाप्रमाणे वस्त्र. हनुमानाची तर दोन वेगळी कपाटं आहेत. रामाच्या दरबारात तो पीतांबरात असतो आणि तालमीत नुसत्या लंगोटात. अमरावतीत दुसरं कपाट जास्त ओळखीचं. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलं. त्याचे पठ्ठे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब-लेझमीची प्रात्यक्षिकं करून आले. एकाच देवाचे दोन पोशाख आणि दोन्हींना अर्थ. चित्रकाराला कपड्यातून काय सांगता येतं, याचा याहून चांगला धडा नाही.

छापील मराठी बालसाहित्य जन्मालाच प्राण्यांबरोबर आलं. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ निघाली. ती इसापच्या गोष्टींचीच. मुंबईत १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी पुन्हा इसापनीती मराठीत आणली. त्या काळातली चित्रं थोडी आणि तीही विलायती ठशांवरून. पुढं ‘आनंद’ मासिक आलं, १९५२ पासून मराठी ‘चांदोबा’, १९७१ पासून बालभारतीचं ‘किशोर’. त्यांतल्या प्राण्यांच्या कपड्यांचा स्वतंत्र इतिहास कुणीतरी लिहावा एवढा तो ऐवज आहे. माझं मत एवढंच की चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत मराठी चित्रकार सगळ्यात मोकळा झाला. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो दार ठोठावतो आणि चिमणी आतून बाळाच्या अंघोळीची, तीट-पावडरीची कारणं सांगत त्याला ताटकळत ठेवते. ही चिमणी रेखाटताना डोक्यावर पदर आणि कपाळावर कुंकू आपोआप आलं. कारण ती बाई आपल्या आळीतलीच आहे. चार घरं सोडून राहणारी, दार न उघडणारी.

१९८० साली ‘टिंकल’ आलं आणि कालिया कावळ्यानं घराघरांत ठाण मांडलं. त्यातला चमाटका कोल्हा आणि डुबडुब मगर बघा. अंगावर काही नाही. कारस्थान पंचतंत्राचं, कोल्ह्याचं नावही करटक-दमनकाच्या भाऊबंदाचं. लुई फर्नांडिस आणि चित्रकार प्रदीप साठे यांनी नकळत का होईना जुनी रीत पाळली, आणि ते प्राणी टिकले. लोकवाङ्मय गृहाकडून येणाऱ्या सोव्हिएत पुस्तकांनी मात्र वेगळंच दाखवलं. येवगेनी राचेव या रशियन चित्रकाराचं अस्वल तिकडच्या शेतकऱ्याच्या जाड कोटात असे आणि कोल्हीण गावच्या बायकांसारखा रुमाल बांधून. त्या कपड्यांना गाव होतं. अस्वल कुठल्या गावचं, श्रीमंत की गरीब, बाजाराला निघालंय की लग्नाला, सगळं त्या शिलाईत दिसायचं. नंतर आलेल्या लालनिळ्या पँटवाल्या अस्वलाला गाव नाही. ते कुठंही चालतं, म्हणून कुठलंच नसतं.

शि. द. फडणीसांनी तर या सगळ्याला उलटंच फिरवलं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘मोहिनी’साठी त्यांनी केलेलं मुखपृष्ठ मराठी माणसाला अजून आठवतं. शेजारी उभे तरुण आणि तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. प्राण्याला कपडे न घालता कपड्याला प्राणी घातले आणि एक शब्द न लिहिता दोघांमधलं सगळं सांगून टाकलं.

आता वऱ्हाडच्या गावात येऊ. इथं कपडे घातलेला प्राणी कागदावर येण्याआधी रस्त्यावर आहे. श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेले खांदे लोण्या-हळदीनं चोळायचे आणि त्याला सांगायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” पाहुण्याला देतात तसं आमंत्रण, ‘या’ म्हणून. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, कपाळाला बाशिंग, मथाटी, गळ्यात घुंगरांची माळ, नवी वेसण, नवी म्होरकी, रंगीत गोंडे, पाठीवर झूल. झूल जुन्या लुगड्याचीही चालते, आरसे लावलेलीही असते. ती घराच्या ऐपतीवर ठरते आणि सगळा गाव ती नजरेनं मोजतो. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात. झडत्या म्हटल्या जातात, एकमेकांना टोमणे, सरकारला टोमणे, आणि कापसाच्या भावाचा विषय निघाला नाही तर तो पोळाच नाही. तोरण तुटलं की मानाची जोडी पुढं, मग बैल घरोघर. बायका पाय धुतात, कुंकू लावतात, पुरणपोळी भरवतात. गड्याला बोजारा मिळतो.

बाशिंग हा नवरदेवाचा दागिना. तो बैलाच्या कपाळी चढतो तेव्हा कुणी हसत नाही. आणि त्याच बैलाच्या अंगावर गेरू-रंगानं कर्जमाफीची मागणी लिहिलेली असते तेव्हा सगळे हसतात, पण बैलाला नव्हे. जनावराला माणसाचं लेणं घालून त्याची टर न उडवता दुसऱ्याची उडवायची, हे व्यंगचित्रकाराला जन्मभर साधत नाही ते इथं दर पोळ्याला होतं. हेही लिहिलं पाहिजे की एका दिवसाच्या नवरदेवाच्या पाठीवर उरलेलं वर्ष तुतारी, म्हणजे पराणी, बसते. आणि आता बऱ्याच घरी बैलच नाहीत, दावणीला ट्रॅक्टर आहे, आणि त्याला फुगे बांधतात. नागपूर-वर्ध्याकडचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा हळूहळू इकडंही पाय पसरतो आहे, त्यामागं हेही एक कारण असावं.

टर उडवणारे कपडेही इथं होते. आठवडी बाजारात माकडवाला यायचा. माकडिणीला झालरीचा फ्रॉक, माकडाला टोपी आणि हातात काठी. माकड सासरी निघालंय, रुसलंय, हवालदार झालंय. दरवेशी अस्वल नाचवायचा. १९९८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली. बरं झालं. त्या फ्रॉकखाली उपासमार आणि मार होता. पण ज्यांचं पोट त्या खेळावर होतं त्यांचं पुढं काय झालं, याची चौकशी बाजारानं केली नाही. नंदीबैल मात्र अजून दारी येतो, झूल पांघरून, मान हलवून होय-नाही सांगत. त्याचा पोशाख देवाचा आहे, म्हणून त्याच्याकडं बघण्याची नजरही वेगळी.

आणि उलटी बाजू शेतात उभी आहे. बुजगावणं. काठीला जुना सदरा, वर मडकं, आणि जनावरानं त्याला माणूस समजावं ही अपेक्षा. अलीकडं रोही आणि रानडुकरांच्या त्रासापायी शेताभोवती जुन्या साड्यांचं कुंपण घालतात. कपाशीच्या फडाला शंभर रंगांच्या साड्या गुंडाळलेल्या. रोही पहिल्या आठवड्यात बुजते, दुसऱ्या आठवड्यात साडी ओलांडून आत येते. पीटर रॅबिटच्या जाकिटाचं बुजगावणं झालं तेव्हा त्यातही हाच विनोद होता. पण साडीच्या कुंपणाआड उभी असलेली रोही कुठल्या मराठी चित्रपुस्तकात अजून माझ्या बघण्यात नाही.

या सगळ्या भांडवलातून वऱ्हाडी ‘उंदराची टोपी’ काढायची ठरवली तर ती कशी निघेल, याचा विचार करायला मजा येते. उंदीर कपाशीच्या धुऱ्यावर, उघडा. चिंधीऐवजी बोंडातून निघालेला कापूस दिला तर पिंजारी आणि विणकरही गोष्टीत येतील. अडचण येते ती राजापाशी. वऱ्हाडचा राजा कसा दाखवायचा? १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, नावाचं स्वामित्व हैदराबादच्या निजामाकडे, आणि १९३६ नंतर निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब. राज्य एकाचं, किताब दुसऱ्याचा आणि कापूस लिव्हरपूलचा. उंदीर ज्या कचेरीची धमकी देतो ती कुणाची, हे ठरवल्याशिवाय शिपायाला पगडी घालायची की हॅट, हेसुद्धा ठरत नाही. असला प्रश्न चित्रकाराला पडला तरच चित्र चांगलं होण्याची आशा.

प्राण्यांना माणसासारखं दाखवावं की नाही, हा वाद शिक्षणवाल्यांचाही आहे. त्याचाही एक धागा अमरावतीतून जातो. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत होत्या. पुढं १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडे जाऊन त्यांनी बालशिक्षणात आयुष्य घातलं. दोघेही मॉंटेसरी पद्धतीचे. खुद्द मॉंटेसरीबाईंना मात्र अगदी लहान मुलांना अद्भुत गोष्टी सांगणं पसंत नव्हतं. आधी खरं जग, मग कल्पना. गिजुभाईंनी पद्धत घेतली, हा नियम घेतला नाही. त्यांच्या गोष्टीत सात शेपट्यांचा उंदीर शाळेत जातो, पोरं चिडवतात म्हणून एकेक शेपूट कापून घेतो आणि शेवटी बिनशेपटीचा म्हणूनही चिडवला जातो. हीसुद्धा पोशाखाचीच गोष्ट आहे, फक्त पोशाख कातडीचा.

अलीकडं टोरँटोत पॅट्रिशिया गानेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. २०१४ च्या त्यांच्या अभ्यासात, ज्या पुस्तकांत प्राणी माणसासारखे दाखवले होते त्यांतून मुलं प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी शिकली आणि प्राण्यांना माणसाचे गुण जास्त चिकटवू लागली. २०१७ च्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली. माणसं असलेल्या गोष्टीनंतर मुलांनी आपले स्टिकर जास्त वाटले, तीच गोष्ट कपडेवाल्या प्राण्यांची करून सांगितल्यावर तसं झालं नाही. म्हणजे शिकवण द्यायलाही ते प्राणी फारसे कामाचे नाहीत, असा निष्कर्ष.

मला हे अर्धंच पटतं. शहरातल्या मुलाची अस्वलाशी पहिली भेट पुस्तकातच होते, त्याची फसगत होऊ शकते. मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाला अस्वल काय चीज आहे हे सांगावं लागत नाही. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या माणसाचा चेहरा त्यानं कसा फाडला, हे त्यानं घरात ऐकलेलं असतं. त्याच्यापुढं पँटवालं, मधाची बरणी धरलेलं अस्वल ठेवलं तर तो फसत नाही, हसतो. गोची होते ती माहितीच्या पुस्तकांत. वाघाच्या आहाराविषयी खरी वाक्यं आणि शेजारी चष्मा लावून ताटावर बसलेला वाघ. गोष्ट असेल तर गोष्टच सांगा, नाहीतर वाघाला वाघ राहू द्या. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आलं तेव्हापासून सूट-टोपीतले वाघ घोषणाफलकांवर हात जोडून ‘मला वाचवा’ म्हणताहेत. हात जोडणारा वाघ बघून कुणाला त्याची जरब कशी वाटावी?

गेल्या दोन-तीन वर्षांत फोनवर येणाऱ्या संगणकनिर्मित चित्रांनी या प्रकाराला पूर आणला आहे. मांजर नऊवारीत, कुत्रा फेट्यात, म्हैस नथ घालून डेअरीच्या काउंटरवर. पहिली दहा चित्रं बघताना हसू येतं. मग कळतं की सगळ्यांना एकच नथ आहे आणि एकच कोल्हापुरी फेटा. यंत्राला मराठी म्हटलं की एवढंच ठाऊक. खांद्यावर दुपट्टा टाकलेला, बंडीतला, पायातल्या वहाणेचा अंगठा तुटलेला वऱ्हाडी कोल्हा त्याच्या खजिन्यात नाही, कारण आपल्यापैकी कुणी तो कधी काढलाच नाही. मथाटी मागितली तर ते बैलाच्या कपाळावर फुलांचा गुच्छ ठेवतं.

गावातल्या मुलांना रोज दिसणारी चित्रं मात्र फोनवर नाहीत, पुस्तकातही फारशी नाहीत. ती जिल्हा परिषद शाळांच्या ‘बोलक्या भिंतीं’वर आहेत. पाढे, नकाशा, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना मिकी, डोरेमॉन किंवा दप्तर घेतलेलं अस्वल. रंगवणारे पेंटर बहुतेक जवळपासचेच. पोळ्याला हेच हात बैलांची शिंगं रंगवतात, गणपतीत मोदकाचं ताट घेतलेला धोतरवाला उंदीर करतात, निवडणुकीत पुढाऱ्यांचे चेहरे काढतात. गणपतीच्या त्या उंदराच्या धोतराचा काष्टा अगदी बिनचूक असतो, मी मुद्दाम पाहिलं आहे. शाळेच्या भिंतीवर तोच पेंटर फोनमधून मिकी उतरवतो, कारण कामाच्या यादीत ‘कार्टून’ असं लिहिलेलं असतं. १९२८ च्या मूळ मिकीवरचा हक्क अमेरिकेत २०२४ च्या जानेवारीत संपला. त्यानंतरचे बरेचसे मिकी अजून कंपनीचे आहेत, पण शाळेच्या भिंतीवर येऊन कुणी विचारत नाही. यादी करणाऱ्या गुरुजींनी त्या एका शब्दाच्या जागी ‘पोळ्याची जोडी, बाशिंगासकट’ एवढं लिहिलं तर रंग तेवढाच लागेल, मजुरीही तीच पडेल, आणि पेंटरला नमुन्यासाठी फोन उघडावा लागणार नाही.